त्या खुंट्यांबद्दल लिही

प्रिय मुली,

तुझी यादी मिळाली. परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. कॉमन ॲपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाच्या, उपक्रमांच्या यादीतले दहापैकी नऊ रकाने भरलेत आणि दहाव्यासाठी तू विचारतेस, "मावशी, अजून काय केलं म्हणजे मी उठून दिसेन?" सुट्टीतला एखादा कोर्स घेऊ की एखादी संस्था काढू, असंही लिहिलंयस. फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं असतं, पण हे तुला पुढचे काही महिने पुन्हा पुन्हा बघावं लागेल, म्हणून लिहून ठेवते.

आधी गुणांचं बोलून मोकळं होऊ. तुझ्या शाळेत जे कठीण विषय होते त्यांतले किती घेतलेस आणि त्यांत कशी टिकलीस, हे अमेरिकेतलं जवळजवळ प्रत्येक चांगलं कॉलेज सगळ्यात आधी बघतं. बाकी कितीही सुंदर असलं तरी ते याची जागा घेत नाही. सॅट या प्रवेशपरीक्षेचं मात्र सगळीकडे एकसारखं नाही. एमआयटीने ती परीक्षा देण्याची थांबवलेली अट २०२२ मध्ये पुन्हा आणली, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये तसंच जाहीर केलं, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना ते गुण बघतच नाही. तेव्हा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा आपल्या माहितीचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातला ‘सी-७’ हा भाग उघड. विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं, स्वभावगुण, नोकरीचा अनुभव, स्वयंसेवा, अशा एकेका गोष्टीपुढे कॉलेजने स्वतःच खूण केलेली असते: अतिशय महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो, घेत नाही. ‘अर्जदाराने दाखवलेला रस’ अशीही एक ओळ त्यात असते. जिथे त्यापुढे ‘घेत नाही’ असेल, तिथे केवळ नजरेत राहावं म्हणून मेल पाठवत बसण्यात अर्थ नाही. तुझ्या आठही कॉलेजांचा हा एक तक्ता वाच. एका संध्याकाळचं काम आहे.

आता तुझी यादी. खरं सांगते, त्यातल्या सात ओळी कुणाच्याही यादीत सापडतील. वादविवाद मंडळ, विज्ञान मंडळ, दोन शनिवार अन्नवाटप, एका स्पर्धेत सहभाग. यात वाईट काहीच नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून तू दिसत नाहीस. आणि दहावी ओळ भरण्यासाठी जे तू सुचवलंयस ती निव्वळ खोगीरभरती होईल.

पाचव्या ओळीवर मात्र मी थबकले. "ऑर्केस्ट्रा, दुसरं व्हायोलिन, चार वर्षं." एवढंच? मागच्या डिसेंबरमध्ये तू मला फोनवर पाऊण तास काय सांगत होतीस, ते आठवतं का? हिवाळ्यात शाळेत हीटर सुरू झाला की हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल होतात आणि शाळेच्या मालकीची, धाकट्या मुलांना वापरायला दिलेली व्हायोलिनं रातोरात सुरातून उतरतात. खुंटी घसरत असेल तर खडू, अडकत असेल तर साबण. तारा पेलणारी घोडी वाकली तर सगळ्या तारा एकदम सोडायच्या नाहीत. हे सगळं तू कुणी न सांगता शिकलीस, चौदा व्हायोलिनांची वही ठेवलीस, कुठल्याला काय झालं ते तारखेनिशी लिहिलंस. नववीपासून दर मंगळवारी. तुला ते काम वाटलंच नाही, म्हणून ते यादीत आलं नाही.

अगं, हेच तर ते आहे! उठून दिसणं म्हणजे काय, तर तुझ्या असण्याने कुठेतरी काहीतरी चालतं आणि तू गेलीस तर ते अडेल, हे वाचणाऱ्याला कळणं. तुझ्याइतकेच गुण असलेल्या मुलींचे अर्ज त्या टेबलावर पुष्कळ असतात. अशा वेळी वाचणारा मनाशी विचारतो की ही आमच्याकडे आली तर ज्या खोलीत बसेल तिथे काय वेगळं होईल. दुसऱ्या रांगेत वाजवणारी मुलगी पहिल्या रांगेत जाण्यासाठी न धडपडता चौदा वाद्यं सुरात ठेवते, हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यात पदक नाही, पद नाही, तरी आहे.

मी स्वतः काही वर्षं एका छोट्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचते, म्हणून हे ठामपणे म्हणते. एका मुलाने सगळा अर्ज मंडळांनी आणि प्रमाणपत्रांनी भरला होता, आणि शेवटच्या ओळीत "किराणा दुकानात अर्धवेळ काम" असं जवळपास लपवून लिहिलं होतं. मुलाखतीत आम्ही सहज त्याबद्दल विचारलं. पाव वाया जाऊ नये म्हणून कुठल्या वारी किती मागवायचा याचा हिशेब त्याने कसा बसवला, ते तो वीस मिनिटं सांगत राहिला. डोळे चमकत होते त्याचे. शिष्यवृत्ती त्याला मिळाली, पण मुलाखत नसती तर मिळाली नसती, याची मला आजही रुखरुख आहे. कॉमन ॲपच्या यादीत पगारी नोकरी आणि घरची जबाबदारी हे दोन्ही प्रकार मुद्दाम दिलेले आहेत. धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं हेसुद्धा तिथे बसतं. तूही ते करतेस.

वर्णनाला जागा असते १५० अक्षरांची, तीही रिकाम्या जागा धरून. त्यात ‘आवड’, ‘समर्पण’, ‘नेतृत्व’ हे शब्द घालून जागा घालवू नकोस. "शाळेच्या चौदा व्हायोलिनांची देखभाल, खुंट्या, तारा, घोड्या, प्रत्येकाची नोंदवही, दोन धाकट्या मुलींना काम शिकवलं." एवढं पुरे. क्रियापदं आणि आकडे. आणि सगळ्या दहा ओळी भरल्याच पाहिजेत असं कुणीही म्हटलेलं नाही. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, त्यात तर फक्त चार गोष्टी मागतात.

कोर्सचं म्हणशील तर, मोठ्या नावाच्या विद्यापीठाच्या आवारात पैसे भरून काढलेले तीन आठवडे म्हणजे त्या विद्यापीठाने तुला निवडलं असं नाही, आणि अर्ज वाचणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. विषय मनापासून आवडत असेल तर जरूर जा, पण अर्जासाठी आईबाबांना एवढा खर्च करायला लावू नकोस. आरएसआय किंवा टेल्युराइडसारखे शाळकरी मुलांचे उन्हाळी उपक्रम विनाशुल्क असतात आणि तिथली निवड खरोखर कठीण असते, म्हणून त्यांचं वजन वेगळं. संस्था काढण्याचं तर डोक्यातून काढूनच टाक. अर्जाच्या आधी तीन महिने जन्मलेली आणि निकालानंतर मरणारी संस्था लगेच ओळखू येते.

निबंधावर जास्त बोलायचंय. ६५० शब्दांची मर्यादा आहे, तुझा मसुदा ६४८ शब्दांचा आहे. त्यात ‘नेतृत्व’ पाच वेळा आलंय आणि एकही माणूस आलेला नाही. कुणी बोलत नाही, कुणाचा हात दिसत नाही, कुठलाही दिवस उजाडत नाही. विषय लहान की मोठा याने मला काही फरक पडत नाही. खेळातली दुखापत, आजीचं आजारपण, नवीन देशात आल्यावरचे दिवस, हे विषय फार झालेत असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आजी प्रत्येकाला असते, पण तुझी आजी चष्मा कुठे ठेवायची ते तुलाच माहीत. मसुदा छापून घे आणि जी वाक्यं तुझ्याशिवाय दुसरं कुणी लिहूच शकलं नसतं त्यांखाली रेघ मार. मला दोनच सापडली. त्या दोन वाक्यांपासून नव्याने सुरुवात कर, बाकीचं सोडून दे. दुखेल, मला कल्पना आहे. आणि शेवटच्या परिच्छेदात "यातून मी शिकले की" असं लिहायचा मोह होईल. तो परिच्छेद लिही आणि खोडून टाक.

हे कुठल्याही यंत्राकडून लिहून घेऊ नकोस, हे वेगळं सांगायला नको. कॉमन ॲप त्याला फसवणूकच म्हणतं. पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण त्या खडूचा वास यंत्राला माहीत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी आठांपैकी चार प्रश्नांची उत्तरं लिहायची, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. शाळा किंवा समाज अधिक चांगला व्हावा म्हणून काय केलंस, असा एक प्रश्न त्यात आहेच. कुठली गोष्ट तिथे जाईल ते तुला कळलं असेल.

शिफारसपत्रांसाठी ज्यांच्या विषयात तुला सर्वाधिक गुण आहेत त्यांच्याकडेच जायला हवं असं नाही. ज्यांच्या वर्गात तू अडखळलीस, प्रश्न विचारलेस, पुन्हा उभी राहिलीस, त्या अकरावीच्या बाईंकडे जा. सुट्टी लागायच्या आत, समोर जाऊन विचार, आणि त्यांना एका कागदावर तीन-चार प्रसंग आठवणीसाठी लिहून दे. ऑर्केस्ट्राच्या सरांचंही पत्र हवं. बरीच कॉलेजं विषयशिक्षकांखेरीज आणखी एकाचं पत्र घेतात, कुठली ते तपासून बघ. पत्र वाचण्याचा हक्क सोडतेस का, असं फॉर्मवर विचारतील. सोड. जे तू वाचणार नाहीस ते पत्रच कॉलेजातल्या वाचणाऱ्याला खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. गुणांपलीकडचं माणूस बघण्याची ही पद्धत नेहमी चांगल्या हेतूने वापरली गेली असं नाही. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करायची होती. उघड कोटा मान्य झाला नाही, तेव्हा १९२६ पासून ‘चारित्र्य’ तोलायला सुरुवात झाली आणि त्या आडून ती संख्या खाली आणली गेली. आजही देणगीदारांची आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं काही ठिकाणी पुढे असतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश हा निकष म्हणून वापरायला मनाई केली, पण वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही, असंही म्हटलं. तुला आडनावावरून शाळेत जे ऐकावं लागलं ते लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तर लिहू नकोस. हे सगळं सांगण्याचं कारण असं की नकाराचं पत्र आलं, आणि एखादं येईलच, तर ते तुझ्या स्वभावावरचा निकाल म्हणून वाचू नकोस. त्या वर्षी त्यांना चेलो वाजवणारा हवा असेल. आपल्याला कधीच कळत नाही.

रविवारपर्यंत मला दोन गोष्टी पाठव. त्या वहीच्या कुठल्याही तीन पानांचे फोटो, आणि नव्या निबंधाची पहिली दहा वाक्यं, कशीही असली तरी. आणि हो, त्या पाचवीतल्या मुलीचं व्हायोलिन दर आठवड्याला उतरायचं, खुंट्या घट्ट असूनही. त्याचं कारण शेवटी काय निघालं? ते सांगता सांगता तुझा फोन कट झाला होता.

तुझी,
मावशी