ज्यूंचं हत्याकांड एसएसने केलं, मग साध्या जर्मन सैन्याला दोष का देतात?

तुम्ही लिहिलंय की जर्मन सेनापतींच्या आठवणी वाचल्या तर सैन्य फक्त लढत होतं, हत्याकांडं एसएसने, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेने केली, असंच दिसतं. मग इतिहासकार वेअरमाख्टला, म्हणजे नेहमीच्या जर्मन सैन्याला, त्यात का ओढतात?

कारण त्या सैन्याचे स्वतःचे कागद तसं सांगतात. एकच प्रसंग घ्या. ऑगस्ट 1941, युक्रेनमधलं बिला त्सेर्क्वा. आईबापांना आधीच गोळ्या घातल्या होत्या आणि त्यांची नव्वदेक ज्यू मुलं एका इमारतीत अन्नपाण्याविना कोंडलेली होती. शेजारी मुक्काम असलेल्या सैनिकांना रात्रभर त्यांचं रडणं ऐकू येई. त्यांनी लष्करातल्या पाद्र्यांना सांगितलं, पाद्र्यांनी डिव्हिजनच्या मुख्यालयातला अधिकारी हेल्मुट ग्रोसकुर्ट याला. त्याने कारवाई थांबवून वर विचारणा केली. निर्णय सहाव्या आर्मीचा प्रमुख रायखेनाऊ याच्याकडे गेला आणि त्याने काम पुरं करा असं सांगितलं. 22 ऑगस्टला मुलांना मारलं. मारणारे सैनिक नव्हते, पण हुकूम सैन्याच्या सेनापतीचा होता. ग्रोसकुर्टचा अहवाल टिकला म्हणून आज हे सगळं आपल्याला कळतं. सर्बियात तर खुद्द सैन्यानेच गोळ्या झाडल्या: एका मेलेल्या जर्मन सैनिकामागे शंभर ओलीस, हा हिशोब होता. आणि सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी तीसेक लाख जर्मनांच्या ताब्यात मेले. त्यांच्या बहुतेक छावण्या सैन्याच्याच अखत्यारीत होत्या.

मग ‘स्वच्छ सैन्य’ ही कथा आली कुठून? शीतयुद्धातून. पश्चिमेला जर्मन सैन्य पुन्हा हवं होतं. ऑक्टोबर 1950 मध्ये हिमेरोडच्या मठात जमलेल्या माजी अधिकाऱ्यांनी जर्मन सैनिकाची बदनामी थांबवा, अशी अटच घातली. पूर्व आघाडीचा इतिहास अमेरिकन लष्करासाठी लिहून देणाऱ्यांत हिटलरच्या भूदलाच्या जनरल स्टाफचा माजी प्रमुख हाल्डर आघाडीवर होता.

अभ्यासकांनी ही कथा सत्तरच्या दशकापासून पोखरली होती, पण ती घराघरांत ढासळली 1995 मध्ये. हॅम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने वेअरमाख्टच्या गुन्ह्यांवर फोटोंचं प्रदर्शन भरवलं. ते तीसहून जास्त शहरांत फिरलं, आठ लाखांवर लोकांनी पाहिलं. कित्येक जण फोटोंतल्या चेहऱ्यांत आपले वडील शोधत होते. 1997 मध्ये म्युनिकला विरोधात मोठा मोर्चा निघाला आणि संसदेतही चर्चा झाली.

पुढे जे घडलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 1999 मध्ये बोगदान मुशाल आणि क्रिस्तियान उंगवारी या इतिहासकारांनी दाखवून दिलं की काही फोटोंतली प्रेतं जर्मनांच्या बळींची नव्हतीच. माघार घेण्याआधी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्या कैद्यांची ती होती. संस्थेने प्रदर्शन मागे घेतलं आणि तपासणीसाठी इतिहासकारांची समिती नेमली. वर्षभराने समितीने सांगितलं: चुका आहेत, निष्काळजीपणा आहे, काही विधानं फार सरसकट आहेत, पण बनावट काही नाही आणि मूळ मुद्दा खरा आहे. 2001 मध्ये नवं प्रदर्शन आलं, फोटो कमी आणि कागदपत्रं जास्त. माझ्या मते ‘स्वच्छ सैन्या’च्या कथेवर खरा घाव या दुसऱ्या प्रदर्शनाने घातला, कारण आता आक्षेप घ्यायला फोटोंचं निमित्त उरलं नव्हतं.

या सैन्यात दीड कोटींहून जास्त माणसं होती. ती सगळी खुनी होती असं कोणताही जबाबदार इतिहासकार म्हणत नाही. किती जण थेट सामील होते यावर वाद अजून चालू आहे. सैन्य एक संस्था म्हणून सामील होतं की नाही, यावर मात्र आता वाद नाही.

सेनापतींच्या आठवणींबद्दल म्हणाल, तर त्यांतल्याच मानस्टाइनचं पाहा. ‘ज्यू-बोल्शेविक व्यवस्था’ कायमची नष्ट करा, असा आदेश 20 नोव्हेंबर 1941 ला त्याच्या सहीने निघाला. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात हा आदेश समोर ठेवला तेव्हा, आपल्याला आठवत नाही, असं मानस्टाइन म्हणाला. पुढे ब्रिटिश न्यायालयाने त्याला अठरा वर्षांची शिक्षा दिली. 1953 मध्ये तो सुटला, आणि पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य उभारताना त्याचाच सल्ला घेतला गेला.