खाणपट्ट्यातलं धान: ठिपके, तांदूळ आणि हंड्यातला काळा थर

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग-चिखल्याकडच्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यातून विचारणा आली आहे: "डंपावरचं (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरचं) काळं पाणी बांधीत (धानाच्या शेतात) उतरतं. धानाच्या खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत. कोणतं औषध मारावं? तांदूळ लेकरांना द्यावा का? आणि बाबा खाणीत होते, आता चालताना तोल जातो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?"

औषध आणायच्या आधी बांधीला चक्कर मारा. पाणी शिरतं त्या तोंडाशी ठिपके दाट आणि पलीकडच्या धुऱ्याकडे विरळ दिसले, तर बुरशीपेक्षा मँगनीज-लोहाचा संशय धरा. मग करप्याचं औषध म्हणजे पैसे पाण्यात. बांधीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते, मँगनीज विरघळतं आणि मुळांना लागतं; मातीचा सामू (pH, आम्लतेचं माप) 5.5 च्या खाली असेल तर जास्तच. फुटवे येऊन गेल्यावर चार-पाच दिवस पाणी काढा, पण भेगा पडू देऊ नका. चुना माती तपासल्यावरच टाका. नमुना लाकडी खुरप्याने घ्या, गंजक्या फावड्याने लोहाचा आकडा चुकतो. राइस मिलची तुसाची राख फुकट मिळाली तर जरूर टाका, तिच्यातल्या सिलिकामुळे धान मँगनीज सोसतं.

तांदळाची भीती मला सगळ्यात कमी वाटते. धान मँगनीज बरंच सोसतं, आणि ते दाण्यापेक्षा पानात, तणसात जास्त साठतं. जेवणातून आलेलं जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं.

पाण्याचं तसं नाही. बोअरचं पाणी उपसताना नितळ असतं, पण चार दिवसांनी हंड्यात आतून बोट फिरवा, बोट काळं होतं; तो थर मँगनीजचा. पिण्याच्या पाण्यात मँगनीजची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 0.3. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. तान्ह्या बाळाचं यकृत कच्चं असतं, म्हणून त्याची दुधाची पावडर या पाण्यात कालवू नका.

सगळ्यात वाईट धूळ. श्वासातून गेलेलं मँगनीज यकृताला वळसा घालून मेंदूत साठतं. 1837 मध्ये ग्लासगोत मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये यातून होणारा मेंदूचा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. आधी चिडचिड, झोप उडणं. मग चेहरा ताठ, अक्षर बारीक, मागे पाऊल टाकलं की तोल जातो. पार्किन्सनसारखंच दिसतं, पण त्याच्या गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. म्हणून बाबांना मेंदूविकार तज्ज्ञाकडे न्याल तेव्हा "खाणीत होते" एवढ्यावर थांबू नका; ड्रिलिंगला की क्रशरवर, किती वर्षं, तेही सांगा.

खाणीतले कपडे अंगणात झटकू नका, भिजवून वेगळे धुवा. बहुतेक घरी ते बाईच धुते, आणि अंगात लोह कमी असलं की शरीर मँगनीज जास्त ओढून घेतं. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा रोवणीनंतर. बाटली भरण्याआधी बोअर दहा मिनिटं चालू ठेवा आणि चिठ्ठीवर "मँगनीज, लोह" असं लिहूनच मागा.