दक्षिण चीन समुद्रात जरब का बसत नाही?

प्रश्न : दक्षिण चीन समुद्रावरील चीनचा दावा आंतरराष्ट्रीय लवादाने २०१६ सालीच फेटाळला आणि फिलिपिन्सच्या पाठीशी अमेरिका उभी आहे. तरीही चीनचा तेथील लष्करी विस्तार का थांबत नाही?

उत्तर : १२ जुलै २०१६ चा निकाल निःसंदिग्ध होता. चीनने नकाशावर जवळपास संपूर्ण समुद्राभोवती आखलेल्या ‘नऊ तुटक रेषां’च्या आतील ऐतिहासिक हक्कांना सागरी कायद्यात आधार नाही आणि मिस्चीफ रीफ हा प्रवाळखडक फिलिपिन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जेथील साधनसंपत्तीवर त्याच देशाचा हक्क असतो अशा सागरी पट्ट्यात, येतो, असे लवादाने स्पष्ट केले. मात्र हा निकाल अंमलात आणणारी यंत्रणाच नाही. शिवाय तोपर्यंत चीनने याच समुद्रातील स्प्रॅटली द्वीपसमूहातील सात प्रवाळखडकांवर वाळू उपसून सुमारे ३,२०० एकर जमीन तयार केली होती. लष्करीकरणाचा हेतू नसल्याचे शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सांगितले होते. आज मिस्चीफ, सुबी आणि फायरी क्रॉस या तिन्ही ठिकाणी लष्करी विमाने उतरू शकतील अशा लांबलचक धावपट्ट्या आहेत.

खरी अडचण निराळीच आहे. अमेरिका आणि फिलिपिन्स यांच्यातील १९५१ चा संरक्षण करार ‘सशस्त्र हल्ला’ झाल्यावर लागू होतो आणि चीन नेमका त्या उंबरठ्याच्या अलीकडे थांबतो. पाण्याचे फवारे मारणे, बोटीला बोट धडकवणे, तटरक्षक दलाच्या आणि मासेमारीच्या जहाजांनी वाट अडवणे, यांपैकी एकाही कृतीसाठी कोणी युद्ध पुकारणार नाही, हे बीजिंगला पक्के ठाऊक आहे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, तो असा. १७ जून २०२४ रोजी सेकंड थॉमस शोल या उथळ खडकाजवळ चाकू-कुऱ्हाडी घेतलेल्या चिनी जवानांनी तेथील फिलिपिन्सच्या सैनिकांना रसद नेणाऱ्या बोटींना घेरले आणि त्या झटापटीत फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाला अंगठा गमवावा लागला. तरीही तो प्रकार कराराच्या कक्षेत आणला गेला नाही.

माझ्या मते या समुद्रात धमकीपेक्षा ठाण मांडून बसणे अधिक परिणामकारक ठरते. २०१२ साली दोन्ही देश हक्क सांगत असलेल्या स्कारबरो शोलमधून फिलिपिन्सची जहाजे परतली, चिनी जहाजे राहिली, आणि तेव्हापासून तेथे चीनचाच वावर आहे. याउलट सेकंड थॉमस शोलवर फिलिपिन्सने १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे दुसऱ्या महायुद्धातील जहाज मुद्दाम रुतवून ठेवले. गंजलेले असले तरी ते नौदलाच्या पटावर आहे आणि त्यावर मूठभर सैनिक राहतात, त्यामुळे त्याच्यावरील हल्ला हा सरळ सशस्त्र हल्लाच ठरेल. फिलिपिन्सने भारताकडून २०२२ च्या करारान्वये घेतलेली ब्रह्मोस क्षेपणास्त्रे युद्धनौकांना वचक बसवतील. पण पाण्याचा फवारा मारणाऱ्या तटरक्षक जहाजावर ती कोणी डागणार नाही.

जुलै २०२४ मध्ये ‘सिएरा माद्रे’वर रसद पोहोचवण्याबाबत चीन आणि फिलिपिन्स यांच्यात तात्पुरता समझोता झाला आहे. मात्र हे जहाज १९४४ च्या सुमाराचे आहे. ते निकामी झाल्यास त्या जागी काय उभे करायचे आणि त्या कामात अडथळा आल्यास अमेरिका कोणती पावले उचलेल, हे मनिला आणि वॉशिंग्टन यांनी आताच ठरवून बीजिंगला कळवणे आवश्यक आहे.