मोहफुलांची गोणी अडवली तर काय करायचं?

राम राम दादा. बांधावरच्या मोहाची वाळलेली फुलं तळोद्याहून शहाद्याला बहिणीकडे लाडवांसाठी नेताना तुमची गोणी उतरवून घेतली, 'परवाना कुठंय' विचारलं, आणि आता वैतागून तुम्ही झाडच तोडायला निघालात. वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

माझी गोणी एका कचेरीच्या ओट्यावर अडकली होती. तिथले साहेब म्हणत, फुलं जंगलाची, वनखात्याचा कागद आणा. वनखातं म्हणे, झाड तुमच्या मालकीचं, आमचा काय संबंध? या टोलवाटोलवीत रोहिण्या बरसल्या. मोहफूल हवेतला ओलावा लगेच ओढतं. मनुकेसारखी तांबूस फुलं काळी, चिकट झाली, आंबूस वास सुटला. त्यावर साहेब म्हणतात कसे, "बघा, दारूचाच वास येतोय!" आता बोला.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं उठवली. तो आदेश छापून गाडीत ठेवाच. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मे नकार तिथंच विरघळतात, असं आपलं माझं मत. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायची सरकारी पीकनोंद) बांधावरची झाडं नोंदवता येतात, तेही उरकून घ्या. मी वकील नाही, नियमही बदलत असतात, तेव्हा तालुक्याला एकदा विचारून घ्या. आणि दारू गाळायचा बेत असेल तर यातलं काहीच लागू नाही.

झाड मात्र तोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत मोह आहे. स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगी लागते. म्हणजे पुन्हा तेच साहेब!

पुढच्या चैत्रात फुलं वेचायला खालचा पाला पेटवू नका, रोपं जळतात. जुनी लुगडी अंथरा. पहाटे पडलेली फुलं घराच्या धाब्यावर कडकडीत वाळवा, चोळून केसर काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गोणीत अजिबात नको. टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढणार असाल तर पेंड म्हशीपुढे टाकू नका, तिच्यात सॅपोनिन नावाचं जनावरांना बाधणारं द्रव्य असतं. शेतात खत म्हणून घाला. नवीन झाड हवं असेल तर बी ताजंच लावा, ठेवलेलं बी उगवत नाही.