सर्टिफिकेटांची फाईल आणि एकर-गुंठ्यांचा हिशेब

प्रश्न : मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे जालना जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांचा खर्च आणि उत्पन्न. कोर्सवर्क झालं, २४० शेतकऱ्यांच्या प्रश्नावल्याही भरून झाल्या. मधल्या काळात संशोधन पद्धती, एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, एआय अशी बरीच ऑनलाइन वर्कशॉप केली. सर्टिफिकेटांची फाईल जाड झाली, पण एक्सेल उघडलं की पुढं काय करायचं ते सुचत नाही. गाईड सर म्हणतात, ‘आकडेमोड बाहेरून करून घ्या, सगळेच घेतात.’ बाहेरचा माणूस पंधरा हजार मागतोय. पैसे देऊन मोकळं व्हावं, की ‘आर’ हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर शिकत बसावं?
– एक संशोधक विद्यार्थिनी, जालना

उत्तर : पैसे देऊ नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतील, ‘हीच चाचणी का लावली?’ तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचंय, तो पंधरा हजारवाला तिथं नसणार.

‘आर’ शिकाच, पण आज नको. आधी तुमच्या एक्सेलमधला जमिनीचा रकाना उघडा. कृषी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवताना मी पोरांना पहिल्यांदा हाच रकाना दाखवायला लावायचे. शेतकरी सांगतो ‘दोन एकर वीस गुंठे’, आपण प्रश्नावलीवर २.२० लिहितो आणि तसंच टाइप करतो. एक्सेल ते २.२ एकर धरतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे खरं क्षेत्र अडीच एकर. त्या रानात १५ क्विंटल कापूस निघाला असेल, तर एकरी उतारा ६ क्विंटल. तुमच्या तक्त्यात मात्र पावणेसातच्या वर जाईल. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं (हा आर जमीन मोजायचा, सॉफ्टवेअर नव्हे). तिथं शंभर आरचा हेक्टर, म्हणून दशांश चिन्ह बरोबर चालतं. काहींनी तोंडी सांगितलेलं आणि काहींनी सातबारा दाखवलेला, असं एकाच रकान्यात मिसळलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही. बाहेरचा माणूसही नाही; त्याला प्रश्नावली कुठं बघायचीय?

म्हणून एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने करा, मूळ कागद पुन्हा काढा आणि शंका येईल तिथं शेतकऱ्याला फोन लावा. कंटाळवाणं काम आहे. पण संशोधनातलं तंत्रकौशल्य म्हणतात त्यातलं निम्मं हेच, आणि त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

ते झालं की ‘आर’. फुकट आहे, आणि मुळात न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी बनवलेलं आहे. मला त्यातलं आवडतं ते असं, की मूळ फाईलला हात न लावता केलेला प्रत्येक बदल ओळीओळीनं लिहिलेला राहतो. उद्या सर म्हणाले, ‘दहा एकरांवरचे वगळून बघा,’ तर एक ओळ बदलायची. सहा महिन्यांनी तुम्हालाच प्रश्न पडला की हा आकडा आला कुठून, तर उत्तर तिथंच सापडतं. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’वर त्याचे छोटे छोटे पाठ आहेत. लिब्रेऑफिस, पायथन, लेटेक या इतर फुकट सॉफ्टवेअरचे पाठ तर मराठीतूनही आहेत. रोज एक पाठ बघा आणि लगेच स्वतःच्या माहितीवर करून बघा. कापसाची माहिती हातात असताना ‘आर’मध्ये सरावासाठी दिलेल्या परदेशी फुलांच्या पाकळ्यांची सरासरी काढत बसू नका.

सरावासाठी आणखी एक. तुमच्या विषयावरचा छापून आलेला एखादा लेख घ्या आणि त्यातला तक्ता मूळ आकड्यांवरून स्वतः पुन्हा तयार करा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना हाच गृहपाठ होता. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यासाठी राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० मधला लेख निवडला. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की आर्थिक वाढ खुंटते, असं तो लेख सांगत होता आणि सरकारी खर्चात काटकसरीच्या बाजूचे राजकारणी त्याचा दाखला देत होते. हर्नडनला आकडे काही जुळेनात. त्यानं लेखकांकडे एक्सेलची फाईल मागितली, त्यांनी ती पाठवली. सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश धरलेलेच नव्हते! शिवाय काही वर्षं गाळलेली होती, आणि सरासरी काढताना कुठल्या देशाला किती भार द्यायचा, तेही वादग्रस्त होतं. २०१३ मध्ये हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त करून मांडलं, तेव्हा अशा कर्जबाजारी देशांची उणे ०.१ टक्का दाखवलेली सरासरी वाढ २.२ टक्के निघाली. त्या पोरानं कुठली अवघड चाचणी लावली नव्हती. सूत्र कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत जातं, एवढं बघितलं होतं.

आणि हो, एआयला तक्ता दाखवायचाच असेल, तर शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गट नंबर आधी काढून टाका. त्यांनी माहिती तुम्हाला दिलीय.

प्रश्न : माझा प्रबंध मराठीत आहे. साहित्यचोरी तपासणीत शून्य टक्के साम्य आलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात दहा टक्क्यांपर्यंत चालतं, मग मी निर्धास्त ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : शून्य वाचूनच मला शंका आली. अवतरणं आणि संदर्भ असलेल्या प्रबंधात शून्य सहसा येत नाही. टायपिंगवाल्यानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलं असेल, तर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असा प्रबंध चढला, तर त्यातला एक मराठी शब्दही कोणाला शोधून सापडणार नाही. एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर ठीक. नाहीतर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदला, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला आणि मग पुन्हा तपासणी करून घ्या.