जोड-ट्रेलर: जड ट्रेलर मागे नको

तुमचं म्हणणं असं की दोन्ही ट्रेलरचं मिळून वजन मर्यादेत आहे, टायर-ब्रेक ठीक आहेत, तरी लेन बदलताना मागचा ट्रेलर झुलतो. कारण तुम्हीच लिहिलंय: यंत्रांच्या सुट्या भागांचा जड ट्रेलर आधी सोडायचा म्हणून तो मागे जोडलाय आणि खोक्यांचा हलका ट्रेलर पुढे. हा क्रम उलटा करा. जड पुढे, हलका मागे. उतरवायला कितीही गैरसोयीचं झालं तरी यात तडजोड करू नका.

तुम्ही स्टीअरिंग थोडं झटक्यात फिरवलंत की तो झटका पहिल्या ट्रेलरमधून डॉलीत (दोन ट्रेलर जोडणारा चाकांचा छोटा गाडा) आणि डॉलीतून दुसऱ्या ट्रेलरमध्ये वाढत जातो. आसुडाची मूठ जराशी हलते आणि टोक सपकन फिरतं, तसंच. अमेरिकेतल्या व्यावसायिक चालक परवान्याच्या पुस्तिकेत म्हटलंय की ५ अ‍ॅक्सलच्या एका ट्रेलरच्या गाडीच्या तुलनेत तीन ट्रेलरच्या गाडीतला शेवटचा ट्रेलर ३.५ पट सहज उलटतो. दोन ट्रेलरला हे प्रमाण कमी, पण एका ट्रेलरपेक्षा नक्की जास्त. आणि हे केबिनमध्ये जवळजवळ जाणवतच नाही. मागचं चाक उचलेपर्यंत तुमची सीट शांत असते.

मागचा ट्रेलर जड असेल, तर पुढचा हलका ट्रेलर त्याला आवरू शकत नाही. पुढच्याच्या टायरवर भार कमी, म्हणून पकडही कमी. ब्रेक दाबला की मागचं वजन डॉलीवरून पुढच्याला ढकलतं. रस्ता ओला असेल तर गाडी तिथेच दुमडू शकते. मात्र क्रम बदलल्यावर मागचा जवळपास रिकामा राहिला, तर त्याची चाकं ब्रेकखाली लॉक होऊन घसरू शकतात, हेही ध्यानात ठेवा. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच लावा.

नुसतं एकूण वजन पाहू नका. वजनकाट्यावर प्रत्येक अ‍ॅक्सल-गटाचं वजन वेगळं घ्या. मागच्या ट्रेलरमध्ये सगळा जड माल दाराजवळ असेल तर डॉलीच्या फिफ्थ व्हीलवर (ट्रेलरचं पुढचं टोक टेकवून अडकवायची तबकडी) भार कमी पडतो आणि ट्रेलरचं शेपूट डुलायला लागतं. जड नग खाली, मध्याच्या थोडे पुढे, दोन्ही बाजूंना सारखे, आणि नीट बांधलेले. उंच रचलेला माल एकूण वजन कमी असूनही गाडी पाडतो.

चालवताना स्टीअरिंग सावकाश. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचा हिशोब: तुमच्या गाडीच्या लांबीच्या दर ३ मीटरला १ सेकंद, वेग ताशी ६५ किमीच्या वर असेल तर आणखी १ सेकंद. म्हणजे २१ मीटरच्या जोडगाडीला हायवेवर ८ सेकंद. बऱ्याच जणांना हे फार वाटतं. मला नाही वाटत, कारण अंतर कमी असलं की माणूस झटक्यात वळवतो, आणि झटकाच मागच्याला पाडतो.

निघण्यापूर्वी ब्रेकच्या हवेच्या लाइनचे शटऑफ व्हॉल्व्ह बघा. पुढच्या ट्रेलरच्या मागचे उघडे, शेवटच्या ट्रेलरच्या मागचे बंद. मग शेवटच्या ट्रेलरमागे जाऊन इमर्जन्सी लाइनचा (ट्रेलरच्या टाक्यांना हवा पुरवणारी लाइन) व्हॉल्व्ह क्षणभर उघडा. हवा फुसकन बाहेर आली पाहिजे. नाही आली तर मध्ये कुठेतरी व्हॉल्व्ह बंद राहिलाय आणि मागच्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत. सर्व्हिस लाइन (ब्रेक लावल्यावर हवा जाते ती) तपासताना केबिनमधला ट्रेलरचा हँड ब्रेक-व्हॉल्व्ह ओढून ठेवा आणि मग मागचा व्हॉल्व्ह उघडा.

क्रम बदलण्यासाठी आता तुम्हाला जोडणी सोडावी लागेल, म्हणून एक ताकीद. जागा सपाट आणि गाडी एका रेषेत हवी, कारण जोडगाडी मागे घेऊन सरळ करता येत नाही. आधी मागचा ट्रेलर त्याच्या पायांवर उभा करून ब्रेक लावा आणि डॉली त्याच्याखालून पूर्ण काढा. डॉली ट्रेलरखाली असताना पिंटल हुक (पुढच्या ट्रेलरमागचा, डॉलीचा दांडा अडकवायचा हुक) कधीही उघडू नका. डॉलीचा दांडा फाडकन वर उसळतो, आणि त्या क्षणी हुक उघडणारा माणूस नेमका दांड्यावर वाकलेला असतो.