१९०० च्या सुमारास अमेरिकेत लोणी खरं की मार्गारीन (इतर चरबी-तेलांपासून केलेलं नकली लोणी), हे घरी कसं ओळखत?

चमच्यात वितळवून, आवाजावरून. सुपारीएवढा गोळा चमच्यात घेऊन दिव्याच्या ज्योतीवर ढवळत धरायचा. खरं लोणी फारसा आवाज न करता उकळतं आणि फेस भरपूर येतो. मार्गारीन ओल्या सरपणासारखं तडतडतं, फेस जेमतेम. अमेरिकी कृषी खात्याने १९०६ साली भेसळ ओळखण्याच्या सोप्या पद्धतींची पुस्तिका काढली, तीत ही युक्ती आहे. मात्र काही जण खवट लोणी वितळवून, त्यातून हवा फुंकून, दुधात पुन्हा घुसळून विकत; तेही असंच तडतडायचं. म्हणजे चमचा फक्त ‘हे ताजं लोणी नव्हे’ एवढंच सांगायचा. पक्का निवाडा प्रयोगशाळेचा: तिथे बाष्पशील (सहज वाफ होणारी) आम्लं मोजत, ती लोण्यात कितीतरी जास्त असतात.